आरडीएसवरच्या पोस्टग्रेसची डिस्क पुन्हा पुन्हा का भरते?

जागा संपत आल्याचा अलार्म येतो. टीममधलं कोणीतरी कन्सोल उघडून डिस्क १०० जीबीची १५० करतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. काही आठवड्यांनी पुन्हा तोच अलार्म येतो आणि डिस्क २०० होते. मधल्या काळात टेबलं आणि इंडेक्स मोजून पाहिले तर डेटा मात्र होता तेवढाच, ४० जीबीच्या आसपास. मग बाकीची जागा कशाने खाल्ली?

ॲमेझॉन आरडीएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने मिळणाऱ्या डेटाबेस सेवेवर, पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. डेटाबेस स्वतःच्या सर्व्हरवर असता तर हे कोडं फार टिकलं नसतं. सर्व्हरवर लॉगिन करायचं, डेटा डिरेक्टरीत जायचं, कोणतं फोल्डर फुगलंय ते बघायचं, संपलं. मॅनेज्ड सेवेत, म्हणजे सर्व्हर दुसरं कोणी सांभाळतं अशा सेवेत, तुम्हाला शेल (सर्व्हरवर कमांड चालवायची वाट) मिळत नाही आणि फाइल सिस्टिम दिसत नाही. पोस्टग्रेसचा खरा सुपरयूजरही मिळत नाही. त्याच्या जागी आरडीएस_सुपरयूजर नावाचा, बरेच अधिकार असलेला पण सगळे नसलेला रोल मिळतो. डिस्क भरलेली दिसते, ती कशाने भरली ते दिसत नाही. आणि समोर एकच सोपं बटण असतं ते म्हणजे डिस्क वाढवा.

हे बटण एकाच दिशेला चालतं. आरडीएसवर वाढवलेली डिस्क त्याच इन्स्टन्सवर (आरडीएसवरच्या त्याच डेटाबेस सर्व्हरवर) कमी करता येत नाही. स्नॅपशॉटमधून, म्हणजे डिस्कच्या साठवलेल्या प्रतीतून, नवा इन्स्टन्स उभा केला तरी तो मूळच्या डिस्कपेक्षा लहान करता येत नाही. मल्टी-एझेड, म्हणजे दुसऱ्या झोनमध्ये तयार ठेवलेली जोडप्रत, असेल तर वाढवलेल्या प्रत्येक जीबीचे दुप्पट पैसे दर महिन्याला जात राहतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की प्रॉडक्शन बंद पडायची वेळ आली असेल तरच आधी डिस्क वाढवा, आणि वाढवली तर त्याच दिवशी कारण शोधायला बसा. उद्यावर टाकलंत की पुढचा अलार्म येईपर्यंत कोणालाही त्याची आठवण राहत नाही.

आधी वजाबाकी करा

क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत "फ्री स्टोरेज स्पेस" हे मेट्रिक बाइट्समध्ये मिळतं. एकूण डिस्कमधून ते वजा केलं की वापरलेली जागा निघते. आता डेटाबेसमध्ये जाऊन पीजी_डेटाबेस_साइझ या फंक्शनने प्रत्येक डेटाबेसचा आकार काढा आणि बेरीज करा. हे मास्टर युजरने करा. ॲप्लिकेशनच्या साध्या युजरने केलंत तर आरडीएसअ‍ॅडमिन या ॲमेझॉनच्या अंतर्गत डेटाबेसपाशी परवानगी नाकारली जाते आणि सगळी क्वेरीच पडते. अशा वेळी तेवढा एक डेटाबेस वगळून चालवा.

वापरलेल्या जागेतून ही बेरीज वजा करा. उरलेला आकडा म्हणजे डेटा नसलेली जागा: राइट-अहेड लॉग, म्हणजे सगळे जिला वॉल म्हणतात ती प्रत्येक बदलाची नोंदवही, सर्व्हरच्या लॉग फाइली, आणि चालू क्वेरींच्या टेम्पररी फाइली.

हा उरलेला आकडा मोठा आहे की लहान, यावर पुढचा सगळा शोध ठरतो. २०० जीबी वापरलेले आणि डेटा ४०, तर टेबलांकडे बघण्यात वेळ घालवू नका. २०० वापरलेले आणि डेटा १९०, तर टेबलं फुगली आहेत आणि प्रश्न व्हॅक्यूमचा, म्हणजे टेबलांतल्या जुन्या ओळी साफ करणाऱ्या कामाचा, आहे. ही दोन मिनिटांची वजाबाकी न करता थेट व्हॅक्यूम फुल चालवणारे लोक मी पाहिले आहेत. भरत आलेल्या डिस्कवर ते धोक्याचं आहे, कारण व्हॅक्यूम फुल टेबलाची संपूर्ण दुसरी प्रत लिहितं आणि काम संपेपर्यंत त्या टेबलाला कोणालाही हात लावू देत नाही.

वजाबाकीनंतर मोकळ्या जागेचा गेल्या दोन आठवड्यांचा आलेख उघडा. त्याचा आकार बरंच काही सांगतो. रात्रंदिवस, रविवार असो की सण, एकाच उताराने सरळ खाली जाणारी रेघ दिसली तर संशय वॉलवर घ्या. ठरावीक वेळी खाली जाऊन पुन्हा वर येणारे दाते दिसले तर टेम्पररी फाइली. कामाच्या दिवसांत उतरणारा आणि सुटीच्या दिवशी थांबणारा उतार असेल तर एक तर डेटा खरंच वाढतोय किंवा टेबलं फुगतायत.

सरळ रेघ: कोणी वाचत नसलेला स्लॉट

माझ्यासमोर आलेल्या अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा हेच निघालं, म्हणून इथे थोडं थांबू.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये लिहिला जातो. जुने वॉल सेगमेंट (वॉलच्या ठरावीक आकाराच्या फाइली) गरज संपली की आपोआप पुसले किंवा पुन्हा वापरले जातात. पण तुम्ही रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे बदल वाचून दुसरीकडे नेणाऱ्या वाचकासाठीची खूण, तयार केला की पोस्टग्रेस एक वचन देतं: या स्लॉटच्या वाचकाने जिथपर्यंत वाचल्याचं कळवलंय, त्यापुढचा वॉल मी पुसणार नाही. वाचक आज येवो, महिन्याने येवो किंवा कधीच न येवो. पोस्टग्रेस हे वचन पाळतं, डिस्क भरून सर्व्हर थांबेपर्यंत पाळतं.

स्लॉट तयार होतो कसा? कोणीतरी डेबेझियम हे डेटाबेसमधले बदल वाचणारं साधन लावून काफ्का या संदेशवाहक प्रणालीत डेटा न्यायचा प्रयोग केला. प्रयोग संपला, वाचणारा कनेक्टर काढून टाकला, स्लॉट तसाच राहिला. किंवा डीएमएसने, म्हणजे ॲमेझॉनच्या डेटाबेस स्थलांतर सेवेने, काम चालवलं आणि ते अर्धवट थांबवलं. किंवा ॲनालिटिक्ससाठी एखादं बाहेरचं सिंक करणारं उत्पादन जोडलं, त्याचं सबस्क्रिप्शन संपलं, त्यांच्या बाजूने वाचणं बंद झालं. दुसऱ्या रीजनमधल्या (ॲमेझॉनच्या दुसऱ्या भौगोलिक विभागातल्या) रीड रेप्लिकेची, म्हणजे फक्त वाचण्यासाठीच्या प्रतीची, साखळी तुटली तरी तिचा स्लॉट मूळ इन्स्टन्सवर वॉल धरून बसतो.

आता लोकांना बुचकळ्यात टाकणारा भाग. "आमच्या टेस्ट डेटाबेसवर कोणी काही लिहीतच नाही, मग वॉल कुठून येतो?" हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर मॅनेज्ड सेवेच्या पोटात आहे. इन्स्टन्स जिवंत आहे का हे तपासण्यासाठी आणि बॅकअपची घडी बसवण्यासाठी आरडीएस स्वतःच आरडीएसअ‍ॅडमिन डेटाबेसमध्ये दर ५ मिनिटांनी एक छोटीशी नोंद लिहितं. नोंद काही बाइट्सची असते. पण त्याच ५ मिनिटांच्या ठेक्यावर चालू वॉल सेगमेंट बंद करून बॅकअपसाठी पाठवला जातो, भरलेला असो वा नसो. मूळ पोस्टग्रेसमध्ये एक सेगमेंट १६ एमबीचा असतो. आरडीएसवर पोस्टग्रेस ११ पासून तो ६४ एमबीचा आहे. म्हणजे तासाला १२ सेगमेंट, ७६८ एमबी. दिवसाला १८ जीबी. एकही ग्राहक नाही, एकही ऑर्डर नाही, तरी दिवसाला १८ जीबी.

एरवी हे जाणवत नाही, कारण सेगमेंट तयार होतात तसे निघूनही जातात. एक विसरलेला स्लॉट असला की ते साठत जातात. वसुबारसेच्या संध्याकाळी कोणी प्रयोग म्हणून स्लॉट तयार करून गावी गेलं आणि भाऊबीज उरकून परत आलं, तर तेवढ्यात ७० ते ९० जीबी वॉल साठलेला असतो. १०० जीबीच्या डिस्कवर याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच ही समस्या प्रॉडक्शनपेक्षा टेस्ट आणि स्टेजिंगवर जास्त छळते. प्रॉडक्शनच्या स्लॉटवर कोणाचं तरी लक्ष असतं.

तपासणी अशी करा. क्लाउडवॉचमधलं "ट्रान्झॅक्शन लॉग्ज डिस्क यूसेज" बघा. वजाबाकीत उरलेला आकडा आणि हा आकडा जवळपास जुळला तर गुन्हेगार सापडला. मग पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स हा व्ह्यू उघडा. त्यात स्लॉटचं नाव, प्लगइन, कोणत्या डेटाबेसचा, ॲक्टिव्ह आहे की नाही आणि रिस्टार्ट_एलएसएन (वॉलमधल्या ज्या बिंदूपासून पुढचं स्लॉट धरून ठेवतो तो) हे रकाने बघा. सध्याचा वॉलचा बिंदू पीजी_करंट_वॉल_एलएसएन या फंक्शनने मिळतो. दोन्हींमधला फरक पीजी_वॉल_एलएसएन_डिफ या फंक्शनने बाइट्समध्ये काढा. तो फरक म्हणजे त्या स्लॉटने धरून ठेवलेला वॉल. पोस्टग्रेस १३ पासून वॉल_स्टेटस नावाचा रकानाही आहे. तिथे "एक्स्टेंडेड" दिसलं की स्लॉट नेहमीच्या मर्यादेपलीकडचा वॉल धरून बसलाय असं समजा.

ॲक्टिव्ह रकाना खोटं म्हणजे "फॉल्स" दाखवत असेल तर पुसायची घाई करू नका. आधी तो स्लॉट कोणाचा आहे ते विचारा. नावावरून बऱ्याचदा कळतं. डेबेझियमचा मूळ स्लॉट त्याच्याच नावाचा असतो, इतर साधनंही आपापली छाप नावात सोडतात. तो खरोखर बेवारस असेल तर पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट फंक्शनने काढून टाका. पण वाचक फक्त तात्पुरता बंद असेल आणि तुम्ही स्लॉट काढलात, तर त्या वाचकाला मधला डेटा पुन्हा मिळणार नाही; त्याला सुरुवातीपासून पूर्ण स्नॅपशॉट घ्यावा लागेल, म्हणजे सगळी टेबलं पुन्हा वाचावी लागतील. मोठ्या टेबलांवर हे काम तासन्‌तास चालतं. म्हणून डिस्क संपायला अजून वेळ असेल तर आधी वाचक सुरू करून बघणं शहाणपणाचं.

स्लॉट काढल्याक्षणी जागा मोकळी होत नाही. पुढचा चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचा टप्पा, झाला की जुने सेगमेंट जातात, आणि मेट्रिकमध्ये ते दिसायला आणखी थोडा वेळ लागतो. पाच-दहा मिनिटं थांबा. लगेच आलेख हलला नाही म्हणून दुसरंच काहीतरी करायला जाऊ नका.

एक प्रकार मात्र जास्त फसवा आहे: स्लॉट ॲक्टिव्ह आहे, कनेक्टर चालू आहे, कुठेही एरर नाही, तरी वॉल साठतोय. याचं कारण असं की लॉजिकल स्लॉट (डेबेझियमसारखी साधनं वापरतात तो) एका डेटाबेसपुरता असतो, पण वॉल मात्र संपूर्ण इन्स्टन्सचा एकच असतो. तुमचा कनेक्टर ज्या डेटाबेसकडे बघतोय तिथे हालचाल नसेल आणि शेजारच्या डेटाबेसमध्ये किंवा आरडीएसअ‍ॅडमिनमध्ये लिखाण चालू असेल, तर कनेक्टरला पोचपावती द्यावी असं काही येतच नाही आणि स्लॉट जागचा हलत नाही. उपाय म्हणजे कनेक्टरच्याच डेटाबेसमध्ये ठरावीक वेळाने काहीतरी लिहीत राहणं. डेबेझियममध्ये यासाठी हार्टबीटची सोय आहे: एक छोटं टेबल बनवून त्यातली एकच ओळ दर काही मिनिटांनी अपडेट करणारी क्वेरी सेटिंगमध्ये द्यायची. टेबल नको असेल तर पीजी_लॉजिकल_एमिट_मेसेज फंक्शनने थेट वॉलमध्ये संदेश टाकता येतो.

आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून पोस्टग्रेस १३ मध्ये आलेलं मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ हे सेटिंग लावा. मुळात ते उणे एक असतं, म्हणजे अमर्याद. त्याला डिस्कच्या मानाने मर्यादा द्या. मर्यादा ओलांडली की पोस्टग्रेस त्या स्लॉटला दिलेलं वचन मोडतं, स्लॉट "लॉस्ट" होतो आणि डेटाबेस वाचतो. काही टीमना हे नको वाटतं, कारण मग कनेक्टरला नव्याने स्नॅपशॉट घ्यावा लागतो. मला यात संभ्रम वाटत नाही. ॲनालिटिक्सची पाइपलाइन एक दिवस मागे पडली तर चालतं. ग्राहकाचं पेमेंट लिहून घेणारा डेटाबेस थांबला तर चालत नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये त्याच्या जोडीला आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउटही आलंय. ठरावीक काळ कोणी न वापरलेला स्लॉट त्याने बाद होतो. टेस्ट इन्स्टन्ससाठी हे नेमकं हवं तेच आहे.

ऑटोस्केलिंगने दुखणं झाकतं

"आम्ही स्टोरेज ऑटोस्केलिंग चालू केलंय, आता चिंता नाही" असं म्हणणाऱ्यांनी त्याचे नियम एकदा शांतपणे वाचावेत. मोकळी जागा एकूण डिस्कच्या १० टक्के किंवा त्याहून कमी झाली, किमान ५ मिनिटं तशीच राहिली आणि आधीच्या बदलाला किमान ६ तास उलटले असले, की आरडीएस डिस्क वाढवतं. वाढ किती? १० जीबी, सध्याच्या डिस्कच्या १० टक्के किंवा गेल्या तासाच्या वेगावरून काढलेला अंदाज, यांपैकी जे मोठं ते.

हे विसरलेल्या स्लॉटला लावून बघा. रिकाम्या इन्स्टन्सवर स्लॉट ६ तासांत साडेचार जीबी खातो. ऑटोस्केलिंग प्रत्येक वेळी किमान १० जीबी देतं. म्हणजे दोघांची शर्यत ऑटोस्केलिंग आरामात जिंकत राहतं आणि अलार्म कधी वाजतच नाही. महिनाभरात ५४० जीबी वॉल साठतो आणि तेवढी डिस्क कायमची तुमच्या नावावर चढते. स्लॉट काढल्यावर ती सगळी जागा मोकळी होईल, पण मोकळी जागाही बिलात धरलेलीच असते. कोणाला कळतं? महिन्याचं बिल बघणाऱ्याला, आणि तोही बऱ्याचदा "डेटा वाढला असेल" म्हणून पुढे जातो.

टेम्पररी फाइलींच्या बाबतीत हे आणखी अन्यायाचं आहे. महिनाअखेरीला एक अवजड रिपोर्ट चालतो. सॉर्ट किंवा हॅश जॉइन (टेबलं जोडण्याची एक पद्धत) वर्क_मेममध्ये, म्हणजे त्या कामाला दिलेल्या मेमरीत, मावत नाही, पोस्टग्रेस ते डिस्कवर उतरवतं, वीस मिनिटांत ६० जीबीच्या टेम्पररी फाइली तयार होतात आणि क्वेरी संपली की पुसल्या जातात. अडचण वीस मिनिटांची. पण त्यातली ५ मिनिटं मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेली, की डिस्क कायमची वाढते. पुढच्या महिन्यात रिपोर्ट आणखी मोठा होतो आणि डिस्क पुन्हा वाढते.

म्हणून ऑटोस्केलिंग बंद करा असं मी म्हणणार नाही. रात्री तीनला डिस्क भरण्यापेक्षा ती वाढलेली बरी. पण कमाल मर्यादा खऱ्या गरजेच्या जवळ ठेवा, कन्सोलने सुचवलेल्या मोठ्या आकड्यावर सोडू नका. आणि डिस्कचा आकार बदलल्याची घटना आरडीएसच्या इव्हेंट नोटिफिकेशनने टीमपर्यंत पोहोचेल अशी सोय करा. डिस्क आपोआप वाढली ही गोष्ट त्याच दिवशी माणसाला कळलीच पाहिजे.

६ तासांचा नियम हाताने वाढवतानाही लागू असतो, हे ध्यानात ठेवा. बदल केल्यावर इन्स्टन्स "स्टोरेज ऑप्टिमायझेशन" अवस्थेत जातो. पुढचा बदल ६ तास उलटेपर्यंत किंवा ते काम संपेपर्यंत, यांपैकी जे उशिरा होईल तोपर्यंत करता येत नाही. घाईघाईत १० जीबी वाढवून वेळ मारून न्यायची आणि ते तीन तासांत भरलं तर हात बांधलेले, अशी वेळ येऊ शकते. इन्स्टन्स "स्टोरेज फुल" अवस्थेत गेला तर त्याच्याशी जोडलंही जाता येईल याची खात्री नसते, म्हणजे स्लॉट काढायची सोपी वाटही बंद होते. म्हणून आणीबाणीत वाढवायचंच असेल तर पुढचे १२ तास पुरेल एवढं एकदम वाढवा, आणि त्या १२ तासांत कारण काढून टाका. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवरचा पोस्टग्रेसचा फ्लेक्झिबल सर्व्हर यात थोडा वेगळा वागतो: डिस्क ९५ टक्के भरली किंवा ५ जीबीपेक्षा कमी उरले की तो डेटाबेस फक्त वाचण्यापुरता ठेवतो. लिखाण तिथेही थांबतंच, पण आत शिरून बघता तरी येतं.

दाते आणि लॉग

टेम्पररी फाइली ओळखायला पीजी_स्टॅट_डेटाबेस मधला टेम्प_बाइट्स रकाना तासातासाने नोंदवा. लॉग_टेम्प_फाइल्स हे सेटिंग लावलं की मोठी टेम्पररी फाइल बनवणारी क्वेरी लॉगमध्येच सापडते. क्वेरी सुधारा, तिला लागणारा इंडेक्स द्या, किंवा फक्त त्या रिपोर्टच्या सेशनपुरतं वर्क_मेम वाढवा. संपूर्ण इन्स्टन्सचं वर्क_मेम वाढवू नका. ते प्रत्येक कनेक्शनमधल्या प्रत्येक सॉर्टला वेगळं मिळतं आणि मग जागेऐवजी मेमरी संपते. टेम्प_फाइल_लिमिट लावून ठेवलं तर एखादी बेफाम क्वेरी मर्यादेपाशीच पडते.

लॉग फाइलीही त्याच डिस्कवर बसतात. कोणीतरी तपासासाठी सगळी स्टेटमेंट लॉग करायचं सेटिंग चालू केलेलं असतं, किंवा पीजीऑडिट हे कोणी काय केलं ते नोंदवणारं एक्स्टेन्शन सगळ्या टेबलांवर लावलेलं असतं. आरडीएस.लॉग_रिटेन्शन_पीरियड मुळात ४३२० मिनिटं, म्हणजे ३ दिवस असतं. ते १४४० वर आणा, जुने लॉग लागणारच असतील तर क्लाउडवॉचला पाठवा. तिथे साठवण्याचे पैसे वेगळे पडतात, तेव्हा आधी लॉगचं प्रमाण कमी करा आणि मगच पाठवा.

वजाबाकीत डेटाच मोठा निघाला तर

पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट केली की जुनी प्रत तिथेच राहते आणि व्हॅक्यूम ती नंतर वापरण्याजोगी करतं. पण ती जुनी प्रत कोणाला तरी अजून दिसू शकते असं पोस्टग्रेसला वाटत असेल तर व्हॅक्यूम तिला हात लावत नाही. ऑटोव्हॅक्यूम वेळेवर चालतोय, लॉगमध्येही दिसतोय, तरी टेबल फुगतंय असं असेल तर कोणीतरी त्या जुन्या प्रती धरून बसलंय असं समजा.

चार ठिकाणं बघा. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मध्ये "आयडल इन ट्रान्झॅक्शन" अवस्थेत तासन्‌तास पडून असलेली, म्हणजे व्यवहार उघडा ठेवून गप्प बसलेली कनेक्शन्स. बऱ्याचदा ते कोणाच्या तरी लॅपटॉपवर उघडं राहिलेलं डीबीव्हर हे डेटाबेस बघायचं साधन असतं. पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स मध्ये अडकलेले दोन टप्प्यांचे व्यवहार. हॉट स्टँडबाय फीडबॅक (रेप्लिकेला लागणाऱ्या जुन्या ओळी मूळ सर्व्हरने ठेवाव्यात हे सांगणारं सेटिंग) चालू असलेल्या रीड रेप्लिकेवरची लांबलचक क्वेरी. आणि पुन्हा तेच स्लॉट: लॉजिकल स्लॉट वॉलबरोबरच सिस्टिम कॅटलॉगच्या (पोस्टग्रेस टेबलांची माहिती ठेवतं त्या अंतर्गत टेबलांच्या) जुन्या ओळीही धरून ठेवतो. बेवारस स्लॉट मोठ्या व्हर्जनच्या अपग्रेडलाही आडवा येतो, त्यामुळे अपग्रेडची तारीख ठरली की आधी स्लॉटची यादी मागवा. उघड्या ट्रान्झॅक्शनसाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ॲप्लिकेशनला झेपेल इतकं कमी ठेवा.

अडसर काढल्यावर व्हॅक्यूम जुन्या ओळींची जागा पुन्हा वापरायला मोकळी करतं, पण फाइलचा आकार सहसा कमी होत नाही. फाइलच लहान करायची असेल तर पीजी_रीपॅक हे एक्स्टेन्शन आरडीएसवर चालतं. ते चालवताना सुपरयूजरची तपासणी वगळण्याचा पर्याय द्यावा लागतो, कारण तो अधिकार तुमच्याकडे नसतो. टेबलाला प्रायमरी की किंवा नल नसलेला युनिक इंडेक्स लागतो आणि काम चालू असताना टेबलाच्या जवळपास दुप्पट जागा लागते. म्हणजे इथेही ऑटोस्केलिंगचा काटा सरकू शकतो. लहान टेबलापासून सुरुवात करून मोठ्याकडे जा.

काहीच जुळत नसेल तर

टेबलं आणि इंडेक्स मोजले, वॉल मोजला, लॉग आणि टेम्पररी फाइली मोजल्या, तरी दहा-वीस जीबींचा हिशेब लागत नाही, असं क्वचित होतं. मोठा इंडेक्स बांधताना किंवा व्हॅक्यूम फुल चालू असताना सर्व्हर कोसळला, डिस्क भरल्यामुळे कोसळला तर विशेषच, की अर्धवट लिहिलेल्या फाइली डेटा डिरेक्टरीत तशाच राहतात. कोणत्याही टेबलाच्या नावावर त्या नसतात, म्हणून टेबलांच्या आकारांच्या बेरजेत येत नाहीत; पीजी_डेटाबेस_साइझच्या आकड्यात मात्र धरलेल्या असतात. रीस्टार्टनेही जात नाहीत. स्वतःच्या सर्व्हरवर जाणकार माणूस फाइलींची नावं कॅटलॉगशी ताडून त्या शोधू शकतो. आरडीएसवर हे काम तुमच्या हातातच नाही. ॲमेझॉनकडे तिकीट टाकावं लागतं, आणि मोफत सपोर्ट प्लॅनमध्ये तांत्रिक तिकीट उघडता येत नाही. तिकीट टाकताना वजाबाकीचे सगळे आकडे, कोसळल्याची वेळ आणि त्या वेळी चालू असलेलं काम लिहून द्या. नाही तर पहिले दोन दिवस "टेबलांचा आकार तपासा" या उत्तरातच जातात.

मॅनेज्ड सेवेचा हा तोटा मला सगळ्यात खरा वाटतो. बॅकअप, पॅचिंग, एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये जाणं ही कामं ती चोख करते, आणि तीन-चार जणांच्या टीमला मी आजही तीच सुचवेन. पण स्लॉट, उघडी ट्रान्झॅक्शन, फुगलेली टेबलं ही सगळी तुमचीच जबाबदारी राहते, आणि ती पार पाडायची साधनं मात्र निम्मीच मिळतात. "मॅनेज्ड आहे, डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाची) गरज नाही" हे वाक्य विक्रीच्या सादरीकरणातून थेट टीमच्या रचनेत उतरतं तेव्हा हा अलार्म दर महिन्याला वाजायला लागतो.

वाढलेली डिस्क परत लहान करायची असेल

कारण काढलं, ५०० जीबीच्या डिस्कवर ४५० मोकळे आहेत, आणि ते भाडं आता नकोय. मार्ग तीन आहेत.

डेटा शंभरेक जीबीच्या आत असेल आणि रात्री काही तास बंद ठेवायची मुभा असेल तर लहान डिस्कचा नवा इन्स्टन्स घ्या, पीजी_डंप हे डेटा बाहेर काढणारं साधन डिरेक्टरी प्रकारात समांतर चालवा आणि नव्यावर भरा. रोल्स पीजी_डंपऑलने नेताना "नो रोल पासवर्ड्स" हा पर्याय द्या, कारण पासवर्डचे हॅश आरडीएस तुम्हाला वाचू देत नाही. नव्या इन्स्टन्सवर ते हाताने लावावे लागतील. भरून झाल्यावर ॲनालाइझ (क्वेरी आखायला लागणारी आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवल्याशिवाय ट्रॅफिक सोडू नका.

बंद ठेवता येत नसेल तर लॉजिकल रेप्लिकेशनने (जुन्यावरचे बदल सतत नव्यावर पोहोचवण्याच्या सोयीने) नवा इन्स्टन्स मागून भरत आणा आणि शेवटी ॲप्लिकेशन तिकडे वळवा. प्रायमरी की नसलेली टेबलं आधी शोधून काढा, त्या काळात टेबलांच्या रचनेत बदल करू नका, आणि वळवताना सगळ्या सीक्वेन्स (ओळींना आपोआप क्रमांक देणारे मोजक) पुढे सरकवा. सीक्वेन्स राहिली तर पहिल्याच इन्सर्टला डुप्लिकेट कीची एरर येते.

तिसरा मार्ग आरडीएसच्या ब्लू-ग्रीन डिप्लॉयमेंटचा: चालू इन्स्टन्स ही निळी बाजू, त्याची नवी तयार होणारी प्रत ही हिरवी. २०२४ च्या नोव्हेंबरपासून त्यात हिरव्या बाजूला आधीपेक्षा लहान डिस्क देता येते. वळवण्याचं काम सेवा स्वतः करते म्हणून मी आधी हाच मार्ग तपासून बघतो. नवी डिस्क ठरवताना प्रत्यक्ष डेटा, महिनाअखेरच्या रिपोर्टच्या टेम्पररी फाइली आणि मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझला दिलेली मर्यादा यांची बेरीज करा आणि त्यावर निदान पाव भाग मोकळा ठेवा. जुन्या बाजूवरचे लॉजिकल स्लॉट नव्या बाजूला येत नाहीत, तेव्हा कनेक्टर चालवणाऱ्या टीमला तारीख आधी कळवा आणि नवा स्लॉट त्यांच्याकडूनच तयार करून घ्या. जुना, निळा इन्स्टन्स काही दिवस ठेवायचा असेल तर त्याच्यावरचे स्लॉट वळवल्यावर लगेच काढून टाका. तिथे आता कोणी वाचणारं नाही, आणि दर ५ मिनिटांची नोंद चालूच आहे.